डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा हवेचा डबा

माझा मुलगा अमरावतीला गॅरेज चालवतो. मी आता निवृत्त, म्हणजे दाराशी खुर्ची टाकून बसायचं आणि कुणी न विचारता सल्ला द्यायचा, एवढंच काम मला उरलं आहे. गेल्या उन्हाळ्यात एक तरुण प्राध्यापक आले. गाडी नवी, हातात रंगीत छापील कागद. कंपनीचा हवेचा डबा काढून त्या जागी उघडी, चकचकीत जाळी बसवायची होती. पिकअप वाढतो म्हणे. मी विचारलं, रोज कोणत्या रस्त्यानं जाता? त्यांना वाटलं म्हाताऱ्याला ऐकू आलेलं नाही, म्हणून त्यांनी जाळीचं नाव मोठ्यानं पुन्हा सांगितलं. मीही पुन्हा तेच विचारलं. शेवटी म्हणाले, भातकुलीकडं. शेवटचे दोन मैल कच्चे. मग आहे तो डबा राहू द्या, असं मी सांगितलं. प्राध्यापक नाराज झाले आणि मुलगा त्यांच्याहून जास्त. गिऱ्हाईक परत घालवलं म्हणून दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. त्या दोघांना उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही ते इथं सांगतो.

मोटारीला पेट्रोल लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती हवा खाते, आणि पेट्रोलापेक्षा कितीतरी जास्त खाते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. गॅलनभर पेट्रोल जाळायला चांगली मोठी खोली भरेल इतकी हवा लागते. त्या हवेत आमच्या वऱ्हाडातली काळ्या मातीची धूळ असेल तर ती कार्बुरेटरमधून, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळतं त्या भांड्यातून, थेट सिलिंडरमध्ये जाते आणि आत पॉलिश पेपरसारखं काम करते. सिलिंडर झिजला की गाडी निळा धूर सोडते, तेल पिते, चढावर रडते. मग सिलिंडर आतून थोडा मोठा कातून घ्यायचा आणि त्याला मोठे पिस्टन घालायचे. याला आम्ही बोअर करणं म्हणतो. एक इंजिन दोनदा बोअर होतं, फार तर तीनदा. पुढं भिंत पातळ होते आणि इंजिन भंगारात जातं. ही सगळी कहाणी टाळण्यासाठी हवेच्या वाटेवर एक डबा असतो, धूळ अडवणारा. दिसायला अगदी बावळट. इंजिनातली ही एकच वस्तू काढून टाकली तरी गाडी चालते, उलट जरा जोरातच चालते, म्हणून ड्रायव्हर लोकांनी सगळ्यात आधी तीच काढून टाकायची, असा त्या काळी रिवाजच होता.

आम्ही नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. मी अकोल्याला हुसेनमियाँ उस्तादांच्या गॅरेजात मिस्त्री होतो. घर अकोटला. तिथं माझी माय जिनिंगमध्ये कामाला जायची. कपाशीतून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या रांगेत उभं राहून ती वीस वर्षं कापूस लोटत होती. मी आठवडाभर अकोल्याला राहायचो आणि शनिवारी संध्याकाळी एसटीनं घरी यायचो.

अकोटला त्या वेळी मालतीबाई नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. मूळच्या पुण्याच्या. आमची बोली ऐकून सुरुवातीला त्यांना वाटायचं, सगळं गाव आपल्याशी भांडूनच राहिलं आहे. त्या स्वतः गाडी चालवत, हेच गावाला नवल होतं. गाडी विलायती, लहान, चार सिलिंडरची, दुसऱ्या हातची. तिच्यातून त्या खेड्याखेड्यांत बाळंतपणाला जात. पावसाळ्यात चिखल आणि बाकीचे आठ महिने घोटाभर धूळ. आधीच्या मालकाच्या ड्रायव्हरनं हवेचा डबा काढून कुठंतरी फेकला होता, कारण विचारलं तर म्हणे, गाडीला मोकळा श्वास मिळावा.

बाईंनी गाडी आमच्याकडं आणली तेव्हा ती दोनदा बोअर होऊन पुन्हा झिजलेली होती. तिसरा बोअर केला. शेवटचा. उस्तादांनी माप घेऊन मान हलवली, म्हणाले यापुढं याला हात लावायचा नाही. मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी किल्ली घेतली. काही गिऱ्हाइकं किल्ली माझ्या हातात न देता बॉनेटवर ठेवायची, बाई नेहमी हातातून हातात घेत आणि देत. त्या म्हणाल्या, "हे इंजिन गेलं तर दुसरी गाडी घेण्याची माझी ऐपत नाही, आणि गाडीशिवाय इथं राहून माझा कुणाला उपयोग नाही. मग मी पुण्याला जाईन. तेव्हा मिस्त्री, काय लावायचं ते विचार करून लावा."

एवढं कुणी माझ्या भरवशावर टाकलं नव्हतं. मी पेटलोच.

उस्तादांचं मत तिथल्या तिथं तयार होतं. "बेटा, तेलवाला डब्बा लगा, जीपवाला," एवढं बोलून ते दुसऱ्या गाडीखाली शिरले. पण जीपचा डबा बादलीएवढा, बाईंच्या गाडीचं बॉनेट त्यावर बंदच होईना. खरं सांगायचं तर मला तो लावायचाही नव्हता. उस्तादांनी एका वाक्यात सांगितलेलं करण्यात माझं काय कौतुक? मला शोधून काढायचं होतं.

पहिली आणली ती बाजारातली जाळी. अकोल्याच्या एका दुकानात मुंबईहून नुकतीच आली होती. गोल, चपटी, आरसा म्हणून वापरता येईल इतकी चकचकीत. दुकानदार म्हणाला, ही लावा आणि गाडी उडते की नाही बघा. गाडी उडाली खरी. पण धूळ अडते की नाही हे कळायचं कसं? मी जाळी आणि कार्बुरेटर यांच्यामधल्या नळीला आतून ग्रीसचा पातळ थर दिला आणि अकोला ते अकोट जाऊन आलो. मग ते ग्रीस बोटानं काढलं. डोळ्यांना काहीच दिसेना. बाईंना हे सांगितलं तर त्याही माझ्याइतक्याच उतावीळ. त्यांनी दवाखान्यातून रक्त तपासायच्या दोन काचपट्ट्या आणून दिल्या. एका पट्टीवर ग्रीस लावायचं, वर दुसरी ठेवायची आणि कानाजवळ धरून घासायचं. घासलं. करकर, करकर. बारीक, पण स्पष्ट. ती माती होती, आणि ती शेवटच्या बोअरकडं निघाली होती. जाळी मी त्याच दिवशी दुकानदाराला परत केली. तो म्हणाला, काचा घासून मोटारी तपासणारा माणूस त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता.

त्या शनिवारी घरी गेलो तर माय जिनिंगमधून नुकतीच आलेली. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू, आणि नाकातोंडावर बांधलेलं फडकं अजून गळ्यात लोंबत होतं. त्या बायका सगळ्याच असं फडकं बांधायच्या. मी त्याच्याकडं बघत राहिलो आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. कापसाच्या मुलखात राहून मी मुंबईची जाळी काय शोधून राहिलो? धूळ अडवायला कापसाहून बारीक काय असणार? दोन गोल जाळ्या घेतल्या, मध्ये सरकी काढलेल्या कापसाची दोन बोटं जाड गादी दाबून बसवली, बाहेरून पत्र्याचं कडं. ग्रीसचा थर दिला, अकोटला गेलो, आलो, काचा घासल्या. काहीच आवाज नाही. लोण्यावर लोणी फिरवावं तशा काचा सरकल्या. मी त्या काचा उस्तादांच्या कानाशी नेऊन घासल्या. त्यांनी ऐकलं, माझ्याकडं बघितलं आणि फक्त विचारलं, "सूखा है?" मी म्हटलं, हो, कोरडा आहे. ते पुन्हा गाडीखाली शिरले. त्यांनी तसं का विचारलं, हे मी विचारायला हवं होतं, पण तेव्हा मला कुणाचंच काही ऐकायचं नव्हतं.

पंधरा दिवसांत बाईंचा निरोप आला की गाडी काळा धूर सोडते आणि चढ चढत नाही. गादी धुळीनं ठासली होती, इंजिनाचा श्वास कोंडत होता. मी सांगितलं, दर आठवड्याला कापूस बदला. अकोटात कापसाला काय तोटा? बाई शिस्तीच्या, त्या बदलत राहिल्या. हिवाळा आला, जिनिंगचा हंगाम भरात आला आणि मी इकडं अकोल्यात दोन-तीन मिस्त्रींना माझा शोध ऐटीत सांगूनही टाकला.

आता जे झालं तेव्हा मी तिथं नव्हतो. बाईंकडून, मायकडून आणि फाटकावरच्या चौकीदाराकडून जे ऐकलं ते जोडून सांगतो.

जिनिंगच्या आवारात आगीची भीती एवढी, की फाटकाशी बिड्या-काड्यापेट्या काढून ठेवाव्या लागत. मोटारी आत जातच नसत. पण त्या दिवशी सकाळी मायच्या शेजारच्या यंत्रावरच्या एका बाईचा हात रोलरमध्ये गेला. डॉक्टरीणबाईंना बोलावणं गेलं आणि त्यांची गाडी थेट आत घेतली. हाताला पट्टी बांधली, त्या बाईला मागच्या सीटवर निजवलं, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. थंडी कडाक्याची, तेवढ्यात इंजिन गार पडलं होतं. बाईंनी चोक ओढला, स्टार्टर दाबला, आणि इंजिन उलटं शिंकलं.

गार इंजिन कधी कधी असं करतं. आतला जाळ पुढं जायच्या ऐवजी कार्बुरेटरच्या वाटेनं मागं बाहेर येतो. नीट डबा असला तर तो जाळ तिथंच विझवतो, ते त्याचं दुसरं काम. बाईंच्या गाडीत त्या वाटेवर मी पेट्रोलच्या वाफा मुरलेली कोरड्या कापसाची गादी ठेवली होती. माझ्या हातानं ठेवली होती.

बॉनेटच्या फटीतून धूर आला, मग जाळ. चाळीस पावलांवर कपाशीची गंज आणि शेजारी भरलेल्या बैलगाड्यांची रांग. लोक पळाले. काही गाडीकडं, बरेचसे दुसरीकडं. डॉक्टरीणबाईंनी मागच्या सीटवरच्या बाईला बाहेर ओढलं. बायकांनी फडकी भिजवण्यासाठी दाराशी पाण्याचं पिंप ठेवलेलं असायचं. मायनं त्यात एक बारदान बुडवलं, धावत जाऊन बॉनेटवर टाकलं, मग दुसरं. चौकीदारानं वाळू ओतली. जाळ विझला. गंजीपर्यंत गेला नाही. तारा, नळ्या, रंग जळाले, इंजिन वाचलं. जखमी बाईला मॅनेजरची जीप येईपर्यंत अर्धा तास तिथंच थांबावं लागलं.

तिची दोन बोटं काढावी लागली. मी डॉक्टरीणबाईंना एकदा विचारलं, त्या अर्ध्या तासानं फरक पडला का? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, त्यामुळं ते उत्तर मला आजही टोचतं. ती बाई पुढं भाजी विकायला बसायची. मी तिच्याकडूनच भाजी घ्यायचो आणि तिच्या हाताकडं बघायचं टाळायचो. तिला काय माहीत होतं, काय नाही, मी कधी विचारलं नाही. भ्यालो.

शनिवारी घरी आलो तर माय चुलीपुढं बसलेली. तिनं माझी अशी हजेरी घेतली की शेजारी ऐकायला आले.

"तुले कापूस ठेवाले कोनं सांगतलं होतं?"

मी म्हटलं, तूच तर तोंडाले बांधतेस. त्यावरूनच सुचलं.

तिनं गळ्यातलं फडकं काढून माझ्या अंगावर फेकलं. ते ओलं होतं.

"पाय, हात लावून पाय. आमी ओलं बांधतो. कोरड्यानं धूळ अडते, पन दम भी अडते. ओल्याले धूळ चिपकते अन् हवा जाते. अन् दुपारी आमी ते धुऊन घेतो, नाई तं ते भी काई कामाचं नाई. वीस वर्सं झाले मी तुह्यासमोर बांधून राहिली, तुले एवढं दिसलं नाई?"

नव्हतं दिसलं. फडकं दिसलं होतं, ओलावा दिसला नव्हता. उस्तादांनी "सूखा है?" का विचारलं ते तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. त्यांचा तेलवाला डबा म्हणजे दुसरं काय असतं? हवा नळीतून खाली येते, तळाच्या तेलावर आपटते आणि तिथून उलटी वर वळते. बैलांची हलकी दमणी जोरात वळली की मागं ठेवलेलं गाठोडं खाली पडतं, तशी जड धूळ त्या वळणावर सुटून तेलात पडते. उरलीसुरली धूळ वरच्या तेलकट जाळीला चिकटते. ती ओली, म्हणून कोंडत नाही, आणि सगळी लोखंडी, म्हणून जाळ तिला पेटवत नाही. मायचं फडकं आणि उस्तादांचा डबा, गोष्ट एकच.

जळकी जाळी टेबलावर ठेवून बाईंनी एवढंच विचारलं, "आता पुढचा कोणता?" त्या शिव्या देत्या तर बरं झालं असतं.

पुढचा मी जीपचाच आणला. कार्बुरेटरवर बसवला तर बॉनेट लागत नव्हतं, म्हणून इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला टांगला आणि रबरी नळीनं कार्बुरेटरला जोडला. काचा घासल्या तर किंचित करकर उरलीच. आता हे काय? तीन दिवस मी त्या डब्याभोवती फिरत होतो. मग ध्यानात आलं. जीपचं इंजिन मोठं, ते जोरात हवा ओढतं. बाईंचं लहान इंजिन त्याच डब्यातून हळू ओढायचं. हवा वळणावर रमतगमत वळली तर धूळ पडेल कशाला? ती हवेबरोबर आरामात वळते. म्हणजे डबा जेवढा मोठा तेवढा चांगला, हेही खोटं. डबा इंजिनाच्या मापाचा हवा.

तो अमरावतीला मिळाला, एका भंगारवाल्याकडं. लढाईच्या दिवसांतलं वीज तयार करायचं इंजिन होतं, जवळजवळ बाईंच्या गाडीएवढंच, आणि त्यावर लहानसा तेलाचा डबा, गंजलेला पण अखंड. मी तो पोरासारखा मांडीवर घेऊन बसनं अकोल्याला आलो. बसवला. हवा ओढणारं तोंड खाली चाकाजवळ न ठेवता उंच, समोरच्या काचेच्या पातळीला आणलं, कारण रस्त्याची धूळ खाली दाट असते. तेल खुणेपर्यंतच भरलं, एक थेंब जास्त नाही, नाहीतर इंजिन तेच पितं. अकोटला गेलो, आलो. काचा उस्तादांच्या हातात दिल्या. त्यांनी घासल्या, डोळे मिटले, पुन्हा घासल्या आणि मग खिशातून पान काढून मला दिलं. त्यांच्याकडून मला मिळालेलं तेवढंच प्रमाणपत्र.

माझ्या व्यवसायाचा अभिमान मी लपवत नाही. पुढं मी अमरावतीला स्वतःचं गॅरेज काढलं, शेकडो गाड्यांना डबे निवडून दिले, आणि प्रत्येकाला आधी रस्ता विचारला. पण या गोष्टीचा शेवट त्या अभिमानापाशी होत नाही.

तो डबा दर रविवारी धुवावा लागे. बाई गाडी आमच्या दारात आणत. मी डबा उघडायचो आणि माय हट्टानं खालची वाटी स्वतःकडं घ्यायची. ओल्याचा सल्ला तिचा ना. वाटीच्या तळाशी काळा गाळ बसलेला असे, पेंडीसारखा घट्ट. ती बोटानं तो खरवडून काढायची आणि आठवड्याला किती निघाला ते बाईंना कौतुकानं दाखवायची.

एका रविवारी गाळ काढता काढता तिला खोकला आला. खोकला नेहमीचाच होता, आम्हाला तो घरातल्या भांड्यांच्या आवाजासारखा सवयीचा झाला होता. त्या दिवशी तो थांबेना. बाईंनी गाडीतून छाती तपासायची नळी आणली, मायच्या पाठीला लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मी विचारलं, काय ऐकू येतं? असल्या बाबतीत माझी उत्सुकता कधी दम धरत नाही. बाईंनी नळीची टोकं माझ्या कानांत दिली.

करकर. प्रत्येक श्वासाला करकर. बारीक, पण स्पष्ट. मी तो आवाज ओळखत होतो. सहा महिने काचा कानाशी धरून मी तोच ऐकत आलो होतो.

मायनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, बाईंच्याही चेहऱ्याकडं बघितलं. वाटी अजून तिच्या हातात होती.

"बाई, मानसाच्या छातीले असा डबा बसवता येत नाई काय?"

पुण्याच्या बाई. उत्तर त्यांच्याकडं कधी कमी पडलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "नाही, आई." आणि मायच्या हातातली वाटी घेऊन त्यांनी ती स्वतः पुसली.

मला राग आला तो कुणावर हे आजही नीट सांगता येत नाही. एका मोटारीच्या शेवटच्या बोअरसाठी मी अकोला-अमरावती पालथं घातलं. ज्या फडक्यावरून मला सगळं सुचलं, त्या फडक्यामागच्या माणसाकडं मी वीस वर्षं पाहिलं नव्हतं. ओल्या फडक्यानं जे अडलं ते अडलं, बाकीचं आत जाऊन बसलं होतं, आणि छातीला दुसरा बोअर नसतो. सोमवारी सकाळी मी अकोल्याची बस धरली नाही. जिनिंगच्या फाटकावर गेलो आणि मायचा हजेरीचा पितळी बिल्ला मुकादमाच्या टेबलावर ठेवून आलो. माय दोन दिवस रागावली. काम सोडून आपण काय करायचं, असं विचारत राहिली. मग रविवारच्या वाटीची वाट बघायला लागली.

डॉक्टरीणबाई अकोटलाच राहिल्या. त्यांच्या इंजिनानं त्या शेवटच्या बोअरवर आणखी नऊ वर्षं काढली. मायनं चार.